बिनआवाजाची गाडी

मोहाचा वास किती छान असतो, असं कुणी म्हणालं की मी त्याला त्याचं गाव विचारते. बहुतेक वेळा माणूस शहरातला निघतो आणि मोहाच्या दिवसांत एकदा कधीतरी जंगल बघून गेलेला असतो. वास छान असतो, मी नाही म्हणत नाही. पण ज्यांच्या अंगणात ती फुलं वाळत पडलेली असतात त्यांना विचारा. दोन दिवसांत तो वास डोक्यात चढतो. उशीला येतो, ओढणीला येतो, वरणाच्या वाटीलासुद्धा येतो. लहानपणी आम्ही बहीणभाऊ शाळेत गेलो की मास्तर नाक आक्रसून म्हणायचे, ‘आले का मोहवाले.’ आम्हाला त्याची लाज वाटायची नाही, कारण अर्धा वर्ग मोहवाल्यांचाच होता.

आता मी कुरखेड्याला नर्स आहे. होळी मागे पडते, पळसाची लाली उतरू लागते, आणि एखाद्या सकाळी कुणी बाई अंगात ताप घेऊन येते. मी तिच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत असते, तेवढ्यात तिच्या पदरातून तो वास येतो. कॅलेंडर बघायची गरज पडत नाही. मोह पडायला लागला. त्या दिवशी मी सुटी मागते, आणि मला ती मिळते. कारण सगळ्यांना माहीत आहे. माझा धाकटा भाऊ मंगेश याच दिवसांत गेला.

आमचं गाव चंद्रपूरच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेवर. धानाची थोडी शेती आणि उरलेलं जंगल देईल ते. बाबा आजारपणात गेले, माझं लग्न झालं, मग घरात माय आणि मंगेश दोघंच राहिले. मंगेश ऊर्जानगरच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर. घरी यायचा तेव्हा डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या काळ्या असायच्या. माय म्हणायची, ‘पोरीचे डोळे घेऊन आला वाटते.’ तोही मुद्दाम पापण्या फडफडवून दाखवायचा. हसवायची त्याला खोडच होती. गंभीर गोष्ट बोलायची असली तरी आधी दोन वेळा हसवल्याशिवाय त्याच्या तोंडून ती निघायची नाही.

आमच्याकडे मोहाच्या झाडाला घर असतं. झाड जंगलात उभं, जमीन सरकारची, पण कोणतं झाड कुणाच्या घरचं हे गावाला पाठ असतं. आजोबांच्या वेळचं झाड बाबांकडे आलं, बाबांच्या मागे मायकडे. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. उचललं तर कुणी भांडायलाही येत नाही, पण पुढचे चार महिने विहिरीवर त्या बाईशी कुणी बोलत नाही, आणि ते भांडणापेक्षा वाईट. गावातल्या बहुतेक बायकांची झाडं तळ्याच्या अंगाला, एकमेकांच्या जवळ. त्या घोळक्याने जातात, घोळक्याने येतात. आमचं झाड तेवढं वेगळं. डांबरी सडकेवरून चंद्रपूरकडे निघालं की एक वळण लागतं, त्याच्या थोडं अलीकडे, एकटं. त्यामुळे मायही एकटी.

मोह रात्रभर फुलतो आणि पहाटेपासून गळायला लागतो. टप, टप, थांबून थांबून. मऊ, फिकट पिवळी, आत रस भरलेली फुलं. उजाडायच्या सुमारास झाडाखाली असा सडा पडतो की पाय ठेवायला जीव होत नाही. पण थोडा उशीर केला की चितळांचा कळप येऊन अर्धं साफ करून जातो, आणि उरलेलं गावची जनावरं. म्हणून बायका अंधारातच निघतात. टोपलं घेऊन कमरेत वाकतात आणि वाकलेल्या राहतात. वाकलेलं माणूस वाघाला माणूस दिसत नाही, जनावर दिसतं, असं वनखात्याची माणसं गावात येऊन सांगतात. ते खरं असावं. मंगेश गेला त्याच्या आदल्या मोसमात शेजारच्या गावची एक बाई अशीच वाकलेली असताना गेली. आम्ही तिला ओळखत होतो. आठवडी बाजारात मायच्या शेजारी बसायची.

तेव्हापासून मंगेशने मायच्या मागे धोशा लावला. झाड सोड म्हणाला. माय म्हणाली, ‘अन् देऊ कोनाले?’ मग म्हणाला, ऊन पडल्यावर जात जा. वनखात्याच्या गार्डानेही तेच सांगितलं. माय गार्डाला म्हणाली, ‘फूल काय तुमाले विचारून पडते, भाऊ?’ गार्ड बिचारा हसला आणि चहा पिऊन निघून गेला. मायला वाघाची भीती वाटत नव्हती असं नाही. तिला चांगलीच वाटायची. पण सासऱ्याने दाखवून दिलेलं झाड, नवऱ्याच्या मागे एकटीने राखलेलं झाड, त्याची फुलं आपल्या डोळ्यांदेखत चितळांनी खावी हे तिला सोसवत नव्हतं. हे तिने कधी असं बोलून दाखवलं नाही. ती फक्त पहाटे उठायची आणि टोपलं उचलायची.

शेवटी मायलेकांचा करार झाला. मंगेशने ठेकेदाराला सांगून मोहाच्या दिवसांपुरती रात्रपाळी मागून घेतली. पाळी सुटली की तो थेट झाडाशी यायचा. तोवर मायने सडकेवरच, नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, म्हणजे पुलियावर बसून राहायचं. झाडाखाली एकटीने पाऊल टाकायचं नाही. ‘मी येतपर्यंत थांबजो. माही शपथ हाये तुले,’ तो म्हणाला. आणि माय, जी कुणाचंच ऐकत नाही, तिने हे ऐकलं.

अडचण एकच होती. गाडी. मंगेशकडे बॅटरीवाली गाडी होती, लायसन लागत नाही त्या जातीची. घरच्याच प्लगावर चार्ज व्हायची, आवाज नाही, धूर नाही. पण तिचा काटा पंचविसाच्या वर जायचा नाही. कंपनीनेच तसं बांधून दिलेलं. शाळेतली पोरं सायकलवरून तिला मागे टाकायची आणि वळून बघायची. पाळी सुटायची तेव्हा झुंजुमुंजू व्हायला आलेलं असायचं, आणि ही गाडी त्याला झाडाशी आणायची तोवर ऊन पळसाच्या शेंड्यावर. चितळं पोट भरून गेलेली असायची. माय पुलियावर बसून, आपल्या झाडाखाली दुसऱ्यांचं जेवण चाललेलं बघत बसायची. चार दिवस तिने बघितलं. पाचव्या दिवशी ती शपथ मोडेल हे मंगेशला दिसत होतं.

तो भद्रावतीला गेला. तिथे सचिन नावाचा त्याचा मित्र होता, आयटीआयमध्ये दोघं एका बाकावर होते. बॅटरीच्या गाड्या दुरुस्त करायचं सचिनचं छोटं दुकान. पोरं त्याच्याकडे गाड्यांचा वेग वाढवून घ्यायला येत. मोटरीला किती वीज सोडायची हे ठरवणारी एक डबी असते, कंट्रोलर. सचिनने ती काढून तिच्या जागी मोठी बसवली. बॅटरीला आणखी सेल जोडले. एका दिवसाचं काम. गाडी साठाला जायला लागली. बाकी सगळं तेच राहिलं. तीच चाकं, सायकलीपेक्षा थोडी जाड. तेच ब्रेक, पंचविसाच्या वेगाला पुरतील एवढे.

त्या आठवड्यात मी माहेरी आले होते. मंगेशने मला मागे बसवून चक्कर मारली. भर दुपार होती, सडक रिकामी, दोन्ही बाजूंना उघडा पडलेला साग आणि मधेच पेटल्यासारखा पळस. गाडीने वेग घेतला तो मला कळलाच नाही, कारण आवाजच वाढला नाही. नुसता वारा वाढला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मी त्याच्या खांद्यावरून काटा बघितला आणि त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

‘मंग्या, हळू घे. मले दवाखान्यात रोज पाहा लागते हे.’

‘भेवून राह्यली का बाई?’ आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. ‘आवाज तरी येते का पाय बरं. पाखरू बी उडत नाई.’

ते खरं होतं. सडकेच्या कडेला एक भेकर उभं होतं. पेट्रोलची गाडी असती तर केव्हाच पळालं असतं. आम्ही अगदी जवळ पोचलो तेव्हा त्याने मान वर केली, आणि ते पळालं तेही कुठे पळावं हे न कळून आमच्याच पुढून. मंगेशने ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण थांबायला हवी होती त्याच्या बरीच पुढे जाऊन थांबली. मी खाली उतरले आणि त्याला मोठ्या बहिणीच्या अधिकाराने जे बोलायचं ते सगळं बोलले. हे ब्रेक बदलून घे, नाहीतर ही डबी काढून टाक. त्याने हाताची घडी घालून सगळं ऐकून घेतलं.

‘बदलतो ना. मोह सरू दे,’ तो म्हणाला. मग चेहरा बदलून म्हणाला, ‘बाई, तुले काय वाटते, मले लय शौक हाये पळवाचा? तिकडे मशीनीपाशी उभा असतो तं मले नुसती माय दिसते. वाकलेली.’

मी परत मागे बसले. येताना त्याने गाडी इतकी हळू आणली की रस्त्यात एका म्हाताऱ्याने आम्हाला विचारलं, चार्जिंग संपलं काय?

पुढचे काही दिवस मायच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, हे मला नंतर कळलं. ती फोनवर सांगायची. मंगेश उजेडाच्या पहिल्या रेघेबरोबर यायचा. गाडी उभी करून दोनदा टाळ्या वाजवायचा, मोठ्याने बोलायचा, चितळं उधळायची. मग मायलेक झाडाखाली शिरायचे. माय वाकायची आणि तो तिच्याकडे पाठ करून, जंगलाकडे तोंड करून, काठी घेऊन उभा राहायचा. रात्रभर जागलेला तो पोरगा उभ्याउभ्या पेंगायचा. माय म्हणायची, असा राखणदार वाघालाच झोपवून देईल. एवढा मोह तिने कित्येक वर्षांत वेचला नव्हता. सबंध अंगण पिवळं झालं होतं.

त्या सकाळचं मला जेवढं माहीत आहे ते मायकडून आणि गावातल्या माणसांकडून.

माय नेहमीसारखी पुलियावर बसली होती. वळणापलीकडची सडक तिला दिसत नव्हती. तिकडेही सडकेच्या दोन्ही बाजूंना मोहाची झाडं आहेत, आणि या दिवसांत चितळं एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना सडक ओलांडत राहतात. फटफटणारी गाडी आली की लांबूनच बाजूला होतात. ही गाडी त्यांना ऐकू आली नाही. वळणाआड एकदम चितळाचा भेदरलेला आवाज झाला. मग खुरांची धावाधाव. मग काहीतरी जड आपटल्याचा आवाज. मग काही नाही.

जंगलाच्या कडेला राहणाऱ्या बाईला याचा एकच अर्थ कळतो. वाघाने चितळ पाडलं. मायने तोच अर्थ लावला. गाडी पडली असेल हे तिच्या मनात यायला, आधी गाडी येत असल्याचं तिला ऐकू यायला हवं होतं. आणि अशा वेळी काय करायचं हे आम्हा सगळ्यांना चालायला लागल्यापासून शिकवलेलं असतं. पळायचं नाही. पाठ फिरवायची नाही. उभं राहायचं, तोंड तिकडेच ठेवून मागे मागे सरकायचं, आणि दृष्टीआड झालं की गावात जाऊन माणसं आणायची. मायने सगळं बरोबर केलं. एकही चूक केली नाही. तिच्या डोक्यात एकच होतं, आत्ता मंगेश याच सडकेने येईल आणि वाघाच्या तोंडात सापडेल. म्हणून ती नंतर धावत सुटली. गावातली माणसं गोळा करायला, डबे, काठ्या घ्यायला, मंगेशला वाचवायला.

डबे वाजवत सगळे वळणापाशी आले तेव्हा तिथे वाघ नव्हता. गाडी सडकेच्या खाली पडली होती. मंगेश किलोमीटरच्या दगडाला टेकून बसलेला होता. हेल्मेट काढून शेजारी ठेवलेलं होतं. तो गेलेला होता.

मला फोन आला तेव्हा मी ड्युटीवर होते. कुरखेड्याहून गडचिरोली, गडचिरोलीहून मूल, मूलहून चंद्रपूर. प्रत्येक बसस्टँडवर मोहाचा वास होता, की मलाच तो येत होता, माहीत नाही. त्या प्रवासातलं मला दुसरं काही आठवत नाही.

मंगेशचं दिवसकार्य झाल्यावर सचिन आला. दारात उभा राहिला, आत यायला धजेना. मायनेच त्याला बोलावून बसवलं. त्याने पोलिसांनी सोडलेली गाडी बघितली होती. तो जमिनीकडे बघून बोलला. कंपनीतून येते त्या गाडीत ब्रेकच्या मुठीतून एक बारीक वायर येते. ब्रेक दाबला की ती मोटरीची वीज तोडते. मोठ्या डबीला ती वायर बसत नव्हती. ‘मी टेप गुंडाळून ठेवली होती,’ सचिन म्हणाला. ‘सगळेच ठेवते. त्यानं अचानक ब्रेक दाबला असन अन् एक्सिलेटरची मूठ सोडाची राह्यली असन, तं मोटर ओढतच राह्यली असन.’ आमच्या भावकीतल्या एका पुरुषाने त्याच्यावर हात उचलला. माय मध्ये आली. ‘त्याले काऊन मारता? मंगेशनं म्हनलं म्हनून त्यानं केलं. मी मोहाले जात नसती तं मंगेशनं म्हनलंच नसतं.’ असं म्हणून तिने सचिनला पाणी आणून दिलं.

आता कुरखेड्यालाही अशा गाड्या फिरतात. पोरं येतात गुडघे फोडून, मनगट मोडून. ड्रेसिंग करता करता मी विचारते, गाडीचा वेग वाढवून घेतला का? ब्रेकची वायर जोडली का? ती एकमेकांकडे बघून हसतात, नर्सबाईला गाड्यांतलं काय कळतं म्हणून. मला राग येतो. खरं तर मला त्यांचे कान धरून त्या वळणाशी न्यावंसं वाटतं. आम्ही जंगलातली माणसं वाघाला भितो, आणि भ्यायलाच पाहिजे. त्याचे पंजे ओळखतो, वास ओळखतो, तो कुठल्या ओढ्याला पाणी पितो तेही सांगू. पण मुठीच्या खाली टेप गुंडाळून ठेवलेल्या त्या वायरला भ्यायचं असतं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मंगेश वाघापासून मायला वाचवायला निघाला होता. वाघ तर त्या मोसमात आमच्या बाजूला आलाच नाही, असं नंतर गार्डानेच सांगितलं. त्याने ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

मायने झाड सोडलं नाही. मला वाटलं होतं सोडेल. पण आता ती अंधारात जात नाही. मी आलेली असले की आम्ही दोघी चांगलं ऊन पडल्यावर, चालत जातो. चितळं जे ठेवतील ते वेचतो. मी काठी घेऊन उभी राहते, ती वाकते. तिला आता फार वेळ वाकवत नाही. मधेच बसते, फुलातला एखादा केसर काढून टाकते, पुन्हा उठते. त्या वळणाकडे ती बघत नाही, आणि मी बघते हे मी तिला जाणवू देत नाही.

दर मोसमात एकदा ती मला विचारते. पहिल्या वर्षी विचारलं तेव्हा टोपल्यात बघत विचारलं. ‘तू नर्स हाये म्हनून इचारतो. आवाज आला तेव्हाच मी वळनाकडे गेली असती, तं?’

मी मंगेशला नंतर बघितलं होतं. छातीवर हँडलचा मार होता. अशा माणसाला ओरडायला श्वास पुरत नाही, पण जीव लगेच जात नाही. तो सडकेवरून सरकत दगडापर्यंत आला होता. हनुवटीखालचा पट्टा त्याने स्वतः सोडला होता. हेल्मेट उलटं नाही, सरळ ठेवलं होतं, घरी खुंटीपाशी ठेवायचा तसं. दवाखान्यात पोचला असता की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. पण तो तिथे एकटा बसलेला होता, आणि त्याची माय हाकेच्या अंतरावर होती, एवढं मला कळत होतं. मी म्हणाले, ‘नाई माय. तो पडल्यापडल्याच गेला. तू जाऊन काईच झालं नसतं.’ तिने मान हलवली आणि पुन्हा वाकली. त्यानंतर दर वर्षी तोच प्रश्न, दर वर्षी तेच उत्तर. मला वाटायचं, तिला पटतं. हेल्मेट तिनेही बघितलं होतं, हे मी माझ्यापुरतं विसरायची.

या वर्षी मी पोचले त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही झाडाशी गेलो. सडा विरळ होता. माय थोडं वेचून मुळाशी बसली, मलाही बस म्हणाली. बराच वेळ ती हातातलं फूल दाबत राहिली, बोटं चिकट होईपर्यंत. मग तिने विचारलं. या वेळी मी उत्तर द्यायच्या ऐवजी टोपल्यातला पाचोळा वेचून काढू लागले.

मायने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘सांग ना,’ ती म्हणाली. ‘दरसाली सांगतं, तसंच सांग.’